स्की माउंटेनियरिंग शिकायचंय, डायरेक्ट मोठ्या डोंगरावर जाऊ का आधी गुलमर्ग?

रामशेजचा_पाहुणा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, पहिलाच धागा आहे, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी नाशिकचा, इंदिरानगरला राहतो, अंबडला नोकरी, वय ३४. सह्याद्रीत दहा-बारा वर्षं फिरतोय, साल्हेर, धोडप, हरिहर, अलंग-मदन-कुलंग सगळं झालंय. २०१९ ला उत्तरकाशीला २८ दिवसांचा गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केला, ए ग्रेड मिळाली. म्हणजे क्रॅम्पॉन (बुटाखाली लावायचे लोखंडी काटे), आइस ॲक्स, दोरावर चालणं, घसरलो तर ॲक्स रोवून थांबणं, या गोष्टींना हात लागलेला आहे, अगदीच कोरा नाहीये.

आता नवीन किडा चावलाय. २०२६ च्या फेब्रुवारीत इटलीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्की माउंटेनियरिंग पहिल्यांदाच होतं ना, बोर्मियोला, ते बघत बसलो आणि डोक्यातून जाईना. पायाला स्की लावूनच डोंगर चढायचा आणि वरून स्कीवरच खाली सुटायचं. मला ती रेस वगैरे करायची नाही, पण मोठ्या डोंगरावर हे जमायला हवं असं वाटतंय. त्यात आमचा चौघांचा ग्रुप पुढच्या ऑगस्टमध्ये रशियातल्या एल्ब्रुस शिखरावर जायचं म्हणतोय, १५ ऑगस्टला वर झेंडा, नेहमीचं. त्यातला एकजण म्हणाला स्की घेऊन जाऊ, उतरायचे चार तास वाचतील. तेव्हापासून झोप उडालीय.

नेटवर एका परदेशी कंपनीचा सहा दिवसांचा कोर्स सापडला, मोठ्या डोंगराच्या पायथ्याशी राहायचं आणि तिथेच सगळं शिकवणार, स्किनिंग (स्कीखाली पट्टी चिकटवून चढणं), हिमस्खलनातला बचाव, हिमनदीवर दोर बांधून चालणं, शेवटच्या दिवशी समिट. फक्त खाली बारीक अक्षरात लिहिलंय की इंटरमीडिएट स्कीइंग यायला हवं. मी स्की कधी पायाला लावलेलीच नाही. रोहतांगला भाड्याचा फरकोट घालून टायरट्यूबवरून घसरलोय तेवढंच.

तर ही अट खरंच पाळायची असते का, की आपल्याकडच्या 'मेडिकल सर्टिफिकेट आवश्यक' सारखी असते, कोणी बघत नाही? चढायचं तर मला येतं, उतरायचं सहा दिवसांत शिकेन ना? की आधी गुलमर्ग, औली, मनाली? आणि नाशकात बसून काही तयारी होते का? बायकोने फक्त एकच प्रश्न विचारलाय, "ह्यात पडतात का?" त्याचंही उत्तर कोणीतरी द्या.

चहा_कटिंग

वहिनींना सांगा ह्यात पडतातच, मधूनमधून उठतात.

धागा जपून ठेवतोय, जाणकारांच्या प्रतिसादाच्या प्रतीक्षेत.

उतारकाका

अट पाळायची असते. आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं नाही वाचलंस तरी चालेल.

मी पंचवटीतला, वय ५६, पहिल्यांदा गुलमर्गला स्की लावली तेव्हा ४१ चा होतो, म्हणजे तुझ्याहून सात वर्षं उशिरा. अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. तेव्हापासून बरेच हिवाळे तिकडे घालवले आणि एकदा परदेशात तू म्हणतोस तसला कोर्सही केला, त्यामुळे दोन्ही बाजू माहितीयेत.

तुझी गडबड कुठे होतेय ते बघ. तू म्हणतोस चढायचं येतं, उतरायचं शिकेन. स्कीवर चढणं तुला खरंच दोन दिवसांत येईल, कारण दम आहे, डोंगरात पाय टाकायची सवय आहे. पण बेसिक कोर्समध्ये उतरताना पाय कुठे ठेवायचा हे शिकवतात. स्कीवर पाय ठेवायचा प्रश्नच नसतो, पाय आधीच निघालेला असतो, तुला त्याच्या मागून जायचं असतं. ते सहा दिवसांत होत नाही, आणि त्या सहा दिवसांत ते तुला शिकवणारही नाहीत, कारण बाकीचे पाचजण शिकून आलेले असतील आणि गाइड तुझ्यासाठी थांबला तर सगळा ग्रुप थंडीत उभा.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. माझा तिसरा की चौथा हिवाळा असेल, गुलमर्गला तयार पिस्टवर, म्हणजे दाबून सपाट केलेल्या उतारावर, मी झोकात वळणं घ्यायचो, वाटलं झालं, आता आपण तयार. गंडोला म्हणजे तिथला पाळणा, त्याच्या दुसऱ्या टप्प्याने वर गेलो, ते जवळपास ३,९५० मीटर, तिथून अफरवाटच्या माथ्याकडे, जो ४,३९० आहे, स्किन लावून चढलो. चढताना मीच पुढे. वर फोटो काढले. खाली उतरायला लागलो तर बर्फावर पापुद्रा धरलेला, वर कडक आणि खाली भुसभुशीत, सायीसारखा. स्की आत घुसते आणि वळतच नाही. पहिल्या वळणाला पडलो, दुसऱ्याला पडलो, तिसऱ्याला पडलो तेव्हा एक स्की निघून दहा-पंधरा फूट खाली जाऊन थांबली, माझं नशीब. नंतर वळायचं नावच घेतलं नाही, आडवं घसरत घसरत आणि टोकाला गेलं की उभ्या उभ्या पाय फिरवून दिशा बदलत खाली आलो. बाकीचे जे वीसेक मिनिटांत उतरले त्याला मला अडीच तास लागले, ऊन गेलं, लोक खाली पाय आपटत उभे. मला कोणी एक शब्द बोललं नाही, तेच जास्त लागलं.

आता तू विचारतोयस ते, की यात शिकायचं काय असतं.

स्किन म्हणजे स्कीच्या तळाला चिकटवायची लांब पट्टी, एका बाजूला गोंद, दुसऱ्या बाजूला मागे झुकलेले केस, पुढे सरकते पण मागे घसरत नाही. पूर्वी सीलची कातडी वापरायचे म्हणून नाव तसं पडलं, आता मोहेर (बोकडाचे केस) किंवा नायलॉन. बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट स्कीला अडकवतो त्या पकडीत, पुढे दोन पिना असतात, त्या बुटाच्या चवड्यात बसतात, चढताना टाच मोकळी, उतरताना टाच लॉक. बुटाला मागे एक खटका असतो, चढताना घोटा हलता, उतरताना घट्ट. मी एकदा खटका विसरून तसाच उतरायला लागलो होतो, हसू नकोस, सगळे एकदा विसरतात. चढताना स्की उचलायची नाही, घासत न्यायची, नवीन माणूस लगेच ओळखू येतो, तो उंबरठा ओलांडल्यासारखे पाय उचलतो आणि अर्ध्या तासात दमतो.

स्किनची एक गोष्ट नीट ऐक, हे कुठल्या जाहिरातीत नसतं. वर पोचलास, स्किन सोलून काढली, वारा चालूय, पट्टी फडफडतेय, घाईत सॅकच्या बाहेरच्या खिशात कोंबली. गोंदावर बर्फाची भुकटी बसली. पुन्हा चढायची वेळ आली की ती चिकटत नाही. मी एकदा चिकटपट्टीचे वेढे मारून, अर्धी पट्टी मागे लोंबत असताना चढलोय, दर शंभर पावलांना वाकायचं आणि शिव्या घालायच्या. तेव्हापासून स्किन काढली की गोंदाला गोंद लावून घडी, आणि घडी जॅकेटच्या आत पोटाशी, गरम वडापाव ठेवतात तशी. आणि लावायच्या आधी स्कीचा तळ बाहीने कोरडा करायचा, प्रत्येक वेळी.

मग किक टर्न. उभ्या उतारावर सरळ चढता येत नाही, नागमोडी जावं लागतं, आणि प्रत्येक वळणाला वरचा पाय उचलून स्की जवळपास उलट्या दिशेला ठेवायची, त्यावर भार घ्यायचा, आणि मग खालचा पाय उचलून टाचेने असा झटका द्यायचा की स्कीचं टोक आपोआप आत वळतं. लिहायला तीन ओळी, करायला एक हिवाळा. खाली दरी आणि दोन्ही पाय उलट्या दिशांना, असा एक क्षण असतो, त्या क्षणी माणूस देवाचं नाव घेतो. ही गोष्ट मात्र सपाट जागेवरही घोटवता येते, म्हणून मी लोकांना सांगतो की समिट गेलं खड्ड्यात, आधी दिवसभर किक टर्न मारा.

आणि एल्ब्रुस. ५,६४२ मीटर, उतार तसा अवघड नाही, दक्षिणेकडून ३,८५० पर्यंत तर पाळणाच जातो, म्हणून लोकांना सोपा वाटतो. पण स्कीवाले तिथे एप्रिल ते जूनमध्ये जातात. ऑगस्टपर्यंत वरचं बर्फ वितळून वाऱ्याने घासून बऱ्याच ठिकाणी नुसता निळा कडक आइस उघडा पडतो. त्यावर नवशिक्या स्कीवर सुटला तर थांबत नाही. म्हणजे १५ ऑगस्टचा झेंडा आणि स्की, दोन्ही एका ट्रिपमध्ये बसत नाही. झेंडा लावायचा तर क्रॅम्पॉन घालून जा, छान होईल.

रामशेजचा_पाहुणा

काका, काय लिहिलंय! ऑगस्टचं खरंच डोक्यात नव्हतं. ग्रुपवर टाकलं, स्कीवाला मित्र दोन तास ऑफलाइन आहे.

सोलंगरिटर्न

दादा, मी गंगापूर रोडची, दोन वर्षांपूर्वी सोलंगला १४ दिवसांचा बेसिक स्की कोर्स केला, मनालीच्या सरकारी संस्थेचा. ही १९६१ पासूनची जुनी संस्था आहे. गुलमर्गलाही पर्यटन मंत्रालयाची संस्था आहे आणि औलीला गढवाल मंडळवाले घेतात. औलीला जायचं असेल तर आधी चौकशी करा, जानेवारी २०२३ ला जोशीमठात जमीन खचली तेव्हा रोपवे बंद केला होता.

माझाही तुमच्यासारखाच समज होता की ट्रेकर आहोत, पटकन येईल. पहिल्या दिवशी बूट घालायलाच अर्धा तास लागला. स्कीचा बूट म्हणजे पाय सिमेंटमध्ये घालून चालण्यासारखं आहे, त्यात जिना उतरायचा तर बाजूने, खेकड्यासारखं. मग सरांनी सांगितलं पडा. मुद्दाम पडायचं, बाजूला, आणि उठायचं. सकाळभर तेच. उठताना स्की उताराला आडव्या करून खालच्या बाजूला घ्यायच्या, नाहीतर उठतानाच सुटता. वहिनींना सांगा, ह्यात पडायचाच क्लास असतो.

आणि लिफ्ट वगैरे विसरा. उतार आपणच चढायचा, आडव्या पायाने एकेक पाऊल किंवा स्की मागून जोडून पुढून फाकवून, हेरिंगबोन म्हणतात त्याला, बर्फात माशाच्या काट्यासारखे ठसे उमटतात. वीस मिनिटं चढायचं, वीस सेकंद घसरायचं. चौथ्या-पाचव्या दिवशी स्नो प्लाऊ जमला, म्हणजे स्कीची टोकं जवळ आणि मागची बाजू फाकवून ब्रेक, सगळे त्याला पिझ्झा म्हणतात. ज्या दिवशी मी पिझ्झा करून हव्या त्या ठिकाणी थांबले त्या दिवशी संध्याकाळी घरी फोन करून रडले, आनंदाने, आणि आई म्हणाली एवढं रडतेस तर परत ये.

१४ दिवसांनी काय आलं तर सोप्या उतारावर एकाला एक जोडून वळणं. इंटरमीडिएट? नाही. त्याच्या पुढचा कोर्स केला की मग कदाचित.

एक चूक मी केली ती करू नका. नंतर एकदा ग्रुपबरोबर गेले तेव्हा एका दुकानातून भाड्याने बूट घेतले, नावं घेत नाही, दुकानदार म्हणाला मॅडम एक नंबर मोठा घ्या, आरामशीर वाटेल. वाटलं आरामशीर. उतरताना पाय आत पुढेमागे सरकायला लागला, संध्याकाळी दोन्ही अंगठ्यांची नखं काळी, नडगीवर दोरी आवळल्यासारखा लाल पट्टा. नखं पूर्ण यायला जवळपास वर्ष लागलं. स्कीचा बूट घट्टच हवा, उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकायला हवीत आणि गुडघा वाकवला की जरा मागे यायला हवीत. आणि मोजा एकच, जाड दोन-दोन नाही, आपल्याला वाटतं दोन मोजे म्हणजे ऊब, पण रक्तच फिरत नाही आणि बोटं जास्त गार पडतात.

बाकी किरकोळ, काश्मीरला जात असाल तर प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, पोस्टपेड लागतं. माझ्या मैत्रिणीचा फोन दहा दिवस नुसता कॅमेरा होता.

डॉक्टरीणबाई

नाशिक रोडहून लिहितेय, पेशाने डॉक्टर, स्की येत नाही. एकच मुद्दा.

आपण राहतो ६०० मीटरच्या आसपास. गुलमर्ग २,६५० आणि तिथून गंडोलाने तासाभरात ३,९५० वर. गाडीने आणि पाळण्याने चढलेली उंची शरीराला कळते, तुम्ही घाम गाळला नाही म्हणून सूट मिळत नाही. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी वर जाऊन स्किनिंग करू नका, दोन-तीन दिवस खालीच घसरा. ३,००० च्या वर मुक्काम वाढवताना रोज ३०० ते ५०० मीटरपेक्षा जास्त नको. डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण नको वाटतंय हे उंचीमुळेच आहे असं धरून चाला आणि वर जाऊ नका, तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर लगेच खाली, रात्र असली तरी. डायमॉक्स हे उंचीवरच्या त्रासाचं औषध स्वतःच्या मनाने सुरू करू नका, सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर आधी विचारायलाच हवं.

स्कीवर याचा वेगळा धोका असा की ट्रेकमध्ये माणूस सुस्तावला तर हळू चालतो. स्कीवर सुस्तावलेला माणूस हळू जात नाही.

चहा_कटिंग

शेवटचं वाक्य फ्रिजवर लावतो.

अवांतर: नाशिकच्या माणसाला बर्फ म्हणजे निफाडला पारा उतरला की द्राक्षावर दिसतो तेवढाच, आणि तेव्हा बागायतदार शेकोट्या पेटवत फिरतात. ह्या लोकांना मुद्दाम बर्फात जायचंय.

रामशेजचा_पाहुणा

सगळ्यांचे आभार. घरी वाचून दाखवलं, "पडायचाच क्लास असतो" वर बायको बराच वेळ हसली, परवानगीच्या दिशेने प्रगती आहे.

दोन शंका अजून. हिमस्खलनाचं कोणी बोललं नाही. त्यासाठी बीकन, म्हणजे पुरलेल्या माणसाचा पत्ता लागावा म्हणून सिग्नल सोडणारं यंत्र, घेऊन ठेवावा का, महाग आहे, पण एकदा घेतला की सेफ ना? आणि नाशकातल्या तयारीचं राहिलं.

सटाणेकर

भो, बीकनचं मी सांगतो, कारण आम्ही ते शेतात करून बघितलंय.

मी आणि माझा चुलतभाऊ, दोघांनी सेकंडहँड बीकन घेतले, एका मित्राकडून तिसरा मागून आणला. बर्फ कुठून आणणार, मग आमच्या मळ्यात नांगरलेल्या वावरात एकाने बीकन ट्रान्समिटवर ठेवून डब्यात घालून गोणीत गुंडाळून पुरायचा आणि बाकीच्यांनी शोधायचा, घड्याळ लावून. सगळे बीकन ४५७ किलोहर्ट्झवर चालतात, म्हणून कंपनी वेगळी असली तरी एकमेकांना सापडतात. पहिल्या दिवशी आम्हाला सापडायला अकरा मिनिटं लागली आणि खणायला चौदा. अर्धा मीटर मऊ मातीत. दम लागून खाली बसलो आणि भाऊ म्हणला, गेला आपला माणूस.

मग कळलं कुठे वेळ जातो. लांबून सिग्नल पकडायला पळायचं, पण शेवटच्या तीन मीटरला बीकन जमिनीला टेकवून कासवासारखं सरकवायचं, आडवं आणि उभं, सगळ्यात छोटा आकडा दिसेल तिथे खूण, आणि तिथून प्रोब, म्हणजे चाचपायची लांब सळई, खुपसायचा, गोलगोल बाहेरच्या बाजूला. आम्ही शेवटालाच पळत होतो म्हणून आकडे नाचत होते. आणि खणताना डोक्यावर उभं राहून विहीर खणायची नाही, जरा खालच्या अंगाला उभं राहून आडवं आत शिरायचं, माती मागे ढकलत. महिनाभर दर रविवारी केलं, शोधायला साडेतीन मिनिटांवर आलो. खणायचं काही फार कमी झालं नाही, खरा वेळ तिथेच जातो, म्हणून प्लॅस्टिकचं खेळण्यातलं फावडं घेऊ नका, धातूचंच घ्या.

एकदा कांद्याच्या चाळीजवळ केलं तर बीकन येड्यासारखा करायला लागला, बाण एकदा इकडे एकदा तिकडे. बाजूला मोटारीचा स्टार्टर होता, वरून वायर. पुस्तिकेत लिहिलेलंच होतं की विजेच्या वस्तूंपासून लांब, मोबाइलसुद्धा शोधताना अर्धा मीटर लांब ठेवा म्हणून. द्राक्षबागेतही नका करू, वर सगळ्या तारा.

आई रोज विचारायची, काय पुरताय आणि काय उकरताय. शेजारच्या वावरात अफवा उठली की ह्यांना गुप्तधन सापडलंय. एक म्हातारा रात्री बॅटरी घेऊन येऊन बघून गेला.

उतारकाका

सटाणेकर, लय भारी. गुप्तधनाचं वाचून चहा सांडला.

रामशेज, "एकदा घेतला की सेफ" असं म्हणू नकोस बाबा. बीकन म्हणजे दंडातला ताईत नाही. तो तुला वाचवत नाही, तुझ्या मित्राला तू कुठे पुरलायस ते सांगतो. आणि मित्राला वापरता यायला हवा, त्याच्याकडे फावडं-प्रोब हवा, आणि तो स्वतः वर उभा हवा. पुरलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर आशा असते, त्यानंतर आकडे फार पटापट पडतात. आणि कितीतरी जण गुदमरून नाही, झाडा-खडकावर आपटूनच जातात, तिथे बीकन काय करणार. २०२३ च्या फेब्रुवारीत अफरवाटला दोन पोलिश स्कीअर हिमस्खलनात गेले. २०२२ च्या ऑक्टोबरात द्रौपदी का डांडाला उत्तरकाशीच्याच संस्थेच्या कोर्सच्या टीमवर हिमस्खलन आलं, २९ जण गेले, त्यात शिकवणारेही होते. उत्तरकाशीला तू शिकलायस म्हणजे तुला हे मी सांगायला नको.

त्यामुळे आधी शिकायचं ते टाळणं. बहुतेक स्लॅब, म्हणजे बर्फाचे अख्खे थर, ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, आणि स्कीवाल्याला मजाही नेमकी त्याच उतारावर येते, ही या खेळातली खरी गोम. आपण सह्याद्रीतले लोक यात फसतो, कारण हरिहरच्या पायऱ्या चढलेल्या माणसाला ३५ अंश म्हणजे मैदान वाटतं. फोनमध्ये उतार मोजायचं ॲप टाक, काठी उतारावर ठेवून त्यावर फोन ठेव, आणि ब्रह्मगिरीला, अंजनेरीला जाशील तिथे आधी डोळ्याने अंदाज कर आणि मग मोज. महिनाभर केलंस की ३० आणि ३८ मधला फरक डोळ्याला कळायला लागेल. फुकट आहे. बाकी ताजा बर्फ पडल्यानंतरचा दिवस, वाऱ्याने एका बाजूला साचलेला बर्फ, पायाखाली 'धप्प' आवाज, समोरच्या उतारावर नुकतंच सुटलेलं, यातलं काही दिसलं की माघारी. आणि निघताना रोज सकाळी प्रत्येकाचा बीकन चालू आहे का ते एकेकाला पुढून जायला लावून तपासायचं, एकदाही चुकवायचं नाही, मग तो कितीही अनुभवी का असेना.

नाशकातली तयारी. पांडवलेणीच्या पायऱ्या पाठीवर बारा-पंधरा किलो घेऊन, पण चढायला नाही, उतरायला. हळू, गुडघा वाकवून, न आपटता. स्कीला मांडीचा पुढचा स्नायू उतरताना जळतो, चढताना नाही. घरी भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसायचं, दोन मिनिटांवर आण. त्र्यंबकला सायकलने जातोस तर उत्तमच. इनलाइन स्केट येत असतील तर तोल शिकायला त्यासारखं काही नाही, गोल्फ क्लबवर पोरं सकाळी करतात, लाजू नकोस, मी पन्नाशीत केलं, पोरं मला स्केटिंग आजोबा म्हणायची.

माझं ऐकशील तर असं कर. जानेवारीत सरळ १४ दिवसांचा बेसिक, मनाली नाहीतर गुलमर्ग, सुट्टी जमेल तिकडे. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा दहा दिवस, त्यातले निम्मे तयार पिस्ट सोडून बाहेरच्या बर्फात, गाइडबरोबर. मग तो परदेशी सहा दिवसांचा कोर्स कर, तेव्हा तुला तिथलं जे शिकायचं ते खरंच शिकता येईल, हिमनदीवर दोर, कपारीत पडलेल्याला ओढून काढणं, कडक बर्फावर स्कीला खालून लावायचे क्रॅम्पॉन. इन्शुरन्सची पॉलिसी घेताना मागचं पान वाच, साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत बऱ्याचदा गिर्यारोहण आणि पिस्टबाहेरचं स्कीइंग वगळलेलं असतं.

रामशेजचा_पाहुणा

काका, ठरलं. ऑगस्टमध्ये क्रॅम्पॉन घालूनच एल्ब्रुस, मित्र ऑनलाइन आला, जरा फुगलाय पण मान्य केलं. आणि जानेवारीत सोलंग किंवा गुलमर्ग, फॉर्म निघाले की भरतो. दोन आठवडे सुट्टीसाठी साहेबांना काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही. परदेशी कोर्सचा टॅब बंद केला. बुकमार्क ठेवलाय.

काल अंजनेरीला फोनने उतार मोजला. मला जो पन्नास वाटला तो चौतीस निघाला.

सटाणेकर

रविवारी मळ्यावर या, तिसरा बीकन अजून आहे. सकाळी लवकर, नंतर ऊन लागतं. फावडं आपलं आणा.

उतारकाका

मी पण येतो. आणि रामशेज, माझे जुने टूरिंगचे बूट माळ्यावर पडलेत, २६.५ चे. बसत असतील तर घरात घालून फिर, जिना उतर, सवय होईल. स्कीच्या बुटाचा नंबर म्हणजे पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये, तेवढंच. भिंतीला टाच टेकवून मोजून सांग, आठ-नऊ नंबर सांगू नकोस.

रामशेजचा_पाहुणा

डावा २६.२, उजवा २६.४. बायकोने पट्टी धरली. आई विचारतेय चप्पल शिवायला टाकतोय का.